उतारा

सत्त्याऐंशीवा रेणू चिकट निघाला, काकवीसारखा.
फ्लास्कच्या बुडाला धरून बसला.
उतारा : अकरा टक्के.
दाग्नियानं आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली
आणि खिडकीशी गेली.
दाउगावा अजून पुरती गोठली नव्हती,
बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुसण्या देत
समुद्राकडे निघाले होते.

तीन वर्षं ती एका पंपाशी भांडते आहे.
पेशीच्या भिंतीतलं इवलं प्रथिन,
काम एकच :
आत आलेल्या औषधाला मानगूट धरून बाहेर काढायचं.
नाव विचारत नाही, पाणी विचारत नाही.
औषध वाईट नव्हतं. पहिल्या खेपेला गुण आला होता.
दुसऱ्या खेपेला पेशीनं चेहरा ओळखला.
तिसऱ्या खेपेला ती दारातच उभी होती.

खालच्या मजल्यावर रूता या पेशी वाढवते.
वाढवते म्हणजे,
साध्याभोळ्या पेशी घेतल्या, त्यांना विष दिलं,
मिठाच्या कणाच्या हजाराव्या हिश्शाएवढं.
बहुतेक मेल्या.
उरल्या त्यांना दुप्पट.
त्यातून उरल्या त्यांना आणखी दुप्पट.
आठ महिने. रविवार नाही, सण नाही,
जूनच्या त्या रात्रीही नाही
जेव्हा सगळं रीगा शेकोट्यांभोवती जागं असतं
आणि डोक्यांवर ओकच्या पानांचे मुकुट.
आता विष अंगवळणी पडलंय त्यांच्या.
‘माझ्या हातची तालीम आहे,’ रूता म्हणते.
हसत नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर एवढंच :
स्त्री. चोपन्न. ट्रामचालक.
नावावर काळी पट्टी.
दाग्निया रोज सात नंबरच्या ट्रामनं येते.
एकदा पुढच्या आरशात बघत राहिली, खूप वेळ.
चालक कोवळा पोरगा होता, कानात बाळी,
तिच्याकडे बघून त्यानं उगाच घंटा वाजवली.

मार्चमध्ये सत्त्याऐंशीनं ऐकलं.
रूतानं पेशींना रंग पाजला,
पंप एरवी जो थुंकून टाकतो तो.
आत टिकला तरच पेशी हिरवी दिसते.
काळोख्या खोलीत दोघी, खांद्याला खांदा,
सूक्ष्मदर्शकाखाली
दहांतल्या चार.
दहांतल्या चार पेशींनी पाहुण्याला रात्रभर उतारा दिला होता.

प्राध्यापक तालिवाल्दिस आले, चष्मा कपाळावर चढवला,
पाहिलं, चष्मा उतरवला, पुन्हा पाहिलं.
‘पुन्हा करा.’

पुन्हा केलं.
ताजा रेणू. शुभ्र, कोरडा, सुईसारखे स्फटिक.
उतारा एकोणतीस; इतका कधी आला नव्हता.
काळोख.
एक हिरवी नाही.

बारा दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.
राईचा पाव डब्यात वाळत गेला.
तेराव्या दिवशी जुनी बाटली हाती लागली,
बहिणीच्या लग्नाला लिएपायाला गेली तेव्हा
खिडकीच्या कठड्यावर विसरलेली.
नऊ दिवसांचं ऊन, रात्रीची थंडी, सैल बूच.
पातळ पट्टीवर एक थेंब, पेन्सिलची रेघ,
जांभळ्या दिव्याखाली धरली :
वर सत्त्याऐंशी, ओळखीचा.
खाली आणखी एक ठिपका.
फिका. कुणी न मागता झालेला.

तिला आधी राग आला.
इतकी वर्षं, इतके रेणू,
आणि काम करतो तो हा, जो तिनं केलाच नाही,
जो कुजून झाला.
मग हसू आलं. मग परत राग.

सुरीच्या टोकानं ती ठिपका खरवडते आहे.
वहीत नवं पान :
अठ्ठ्याऐंशी. रचना माहीत नाही.
उतारा, आणि पुढची जागा कोरी.
तराजूच्या काचेआड आकडे लुकलुकतात,
शेवटचा स्थिरच होत नाही,
कुणीतरी जिन्याचं दार उघडतं, मिटतं.
ती श्वास धरून उभी.
बाहेर सात नंबर वळते आहे.