गार इंजिनाची टिकटिक

सकाळी सहाला, खानापुरात, जीप गार असताना
बॉनेटखाली काहीतरी टिकटिकायचं,
पाल चुकचुकावी तसं.
हेम्मडग्याच्या रस्त्याला लागेपर्यंत गप्प.
मी म्हणायचे, चला, बरी झाली.

भरमू मिस्त्री म्हणाला, "बरी कुठली?
लोखंड तापतंय, फुगतंय, फट झाकतंय.
गार झालं की परत तोंड उघडतंय.
आवाज मिटला म्हणून धूर मिटत न्हाई, बाई.
मागं कोण बसतंय तुझ्या?"

मागं गवाळीची पोरं.
धुकं म्हणून काचा बंद, चढाला लो गिअर,
आणि पोरं एकमेकांच्या खांद्यावर पेंगलेली.
मला वाटायचं, लवकर उठवतात बिचाऱ्यांना.
सटूबाईची नात उतरताना म्हणायची, डोकं दुखतंय.
मी तिला आलेपाकाची वडी द्यायचे.

रोज एक वडी.
चार महिने.

"काय बगूलीस, टॉर्च धर."
तिसऱ्या आणि चौथ्या तोंडाच्या मध्ये
काजळाचं बोट ओढल्यासारखी रेघ.
साबणाचं पाणी शिंपडून त्यानं स्टार्टर मारायला लावला.
रेघेवर बुडबुडे आले,
लहान मूल बोलायच्या आधी काढतं तसले.

"तापली गाडी ओढ्यात घातलीस?"
घातली होती. श्रावणात, दोनदा, चारी चाकांवर.
पलीकडच्या काठावर उतरून मीच फोटो काढला होता.
"तापल्या तव्यावर तांब्या ओतलास. तवा वाकणारच."

दोन रात्री बोल्ट तेलात भिजवले.
तरी आठातला एक मोडला.
भरमू तेव्हा कानडीत जे बोलला
ते मला कळलं, पण इथं लिहीत नाही.
जुनी ग्यासकीट करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी
तुकड्यातुकड्यानं निघाली, हातात राखच जास्त.

मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळून बेळगावला नेलं, उद्यमबागेत.
शिवबसाप्पानं त्यावर पोलादी पट्टी उभी धरली.
पट्टीखालून उजेड आला,
विड्याच्या देठाएवढा.
एवढ्यातूनच.
त्यानं घासून सपाट करून दिलं,
बिल कानडीत, घासाघीस मराठीत,
आणि समोरच्या दुकानात रियाजभाईनं उर्दूत विचारलं,
ग्यासकीट कोणती, पत्र्याची की साधी?
तिन्ही भाषांत तिला ग्यासकीटच म्हणतात.
पत्र्याची घेतली. तीन पदरी. पोस्टकार्डाहून हलकी.

बसवताना मी म्हटलं, थोडं सिलिकॉन लावूया, जास्त बरं.
भरमूनं ट्यूब माझ्या हातातून काढून
टेबलाच्या खणात टाकली.
"जळून जातंय ते. तिचं तिला करू दे."
मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग डावा, मग उजवा,
पोळी लाटताना कडेला जातो तसं.
एका दमात नाही, तीन फेऱ्यांत.
"आणि शंभर किलोमीटर झाले की परत ये.
गार गाडी घेऊन ये. परत आवळायचं असतंय.
सगळे विसरत्यात."

मी विसरले. एकशे साठला गेले.
तो काही बोलला नाही, पाना दिला आणि
मलाच आवळायला लावलं.

आता पोरं गाडीत पेंगत नाहीत.
भांडतात. खिडकीवरून, पट्टीवरून,
कुणाच्या डब्यात काय आहे त्यावरून.
सटूबाईची नात सगळ्यांत मोठ्यानं ओरडते
आणि वडी मात्र सवयीनं मागते.
त्या कालव्यात पुन्हा टिकटिक सुरू झाली
तर मला ऐकूही येणार नाही.

म्हणून सहाला, एकटी असताना,
बॉनेट उघडून, जीप सुरू करून
मी कान लावून उभी राहते.
शेजारची सुरेखा विचारते, काय बिघडलं का?
मी तिला हातानंच गप्प करते.