सातत्य

माझं काम एवढंच : काल जिथे घाम होता
तिथेच आज घाम हवा.
डाव्या कानशिलावर, बोटभर.
बाहीवर चिखलाचा डाग, कोपराखाली चार बोटं.
वरून तिसरं बटण तुटलेलं.
वहीत लिहिते, फोटो काढून ठेवते.

कवळ्याच्या या भाड्याच्या बंगल्यात
सुधन्वाची एक रात्र एकोणीस दिवस चालू आहे.
मेव्हण्याला विहिरीत ढकलल्याला एकशे बारा भाग झाले.
आधी नुसता तांब्याकडे बघत राहायचा.
मग विहिरीवर झाकण घातलं,
झाकणावर तुळस आणून ठेवली,
मग तुळशीला पाणी घालते म्हणून बायकोवर डाफरला.
आता कुठे बादली वाजली तरी उठून उभा राहतो.

रोज सकाळी मुंबईहून पानं येतात मोबाइलवर.
रोज तो बायकोचे खांदे धरतो :
"शालन, मला तुला काहीतरी सांगायचंय..."
आणि दारावरची बेल वाजते.
किंवा सासूला चक्कर येते. एकदा वीज गेली.
(ती खरीच गेली होती, ठेवून दिली.)

गुरुदास तारी म्हार्दोळच्या जत्रेत तीस वर्षं राजे करत आला.
शनिवारी फोंड्याच्या बाजारात
दुर्भाटच्या सुकांतीने त्याला तारल्यांचा वाटा दिला नाही.
"सांगून उडय मरे एकदां," म्हणाली,
"घरकान्न कितली रडटा तुजी!"
आणि नोट परत हातावर ठेवली.

तो हसला नाही. गाडीत मला म्हणाला,
"ताई, विचार ना त्यांना, सांगू दे मला.
रोज तेच वाक्य घशापर्यंत आणायचं आणि गिळायचं.
काटा अडकलाय. सुक्या भाताचे गोळे गिळून पाहिले,
जात नाही."

मी फोन लावला. आकडे चांगले आहेत म्हणाले,
चवथीपर्यंत ओढा.

काल बेल वाजायच्या आत तो बोलून गेला.
"मीच ढकललं. दोर सोड म्हणून तो ओरडत होता
आणि दोर माझ्या हातातच होता."
पानांत दोर कुठेच नव्हता.
शालन करणारी मुलगी दोन पावलं मागे सरकली, खरोखरची.
कुणी कट म्हटलं नाही.
माडावर चढलेल्या पाडेलीचा कोयताही थांबला.
गुरुदासबाब पायरीवर बसला, पाणी मागितलं,
तांब्या उंच धरून घटाघटा संपवला.

"झकास," दिग्दर्शक म्हणाला, "पण हे ठेवता येणार नाही.
बेलपासून घेऊ."

मी वही उघडली.
डाग जागच्या जागी. बटण तुटलेलं.
कानशील मात्र कोरडं ठणठणीत.
फवाऱ्याची बाटली घेऊन जवळ गेले,
त्याने डोळे मिटले.
"एवढा पुरे?"
फोटो पाहिला. काल जास्त होता.
पुन्हा थोडा फवारला.