दुरुस्ती, पान पहिलं

गेल्या अंकात आम्ही छापलं होतं:
‘आज रात्री नऊला सगळ्यांनी उत्तर बुरुजावर जमावं.’
ती चूक माझी.
इर्मेली, संपादक, मीठबंदर वार्तापत्र.
खेळातला हुद्दा: मासे खारवणारी.

इथे केमीत, डिसेंबरात,
‘आज रात्री’ म्हणजे नक्की कधी, हे विचारूच नये.
दुपारी दोनला काळोख खिडकीत येऊन बसतो
पाव्हण्यासारखा, बूट न काढता,
आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत हलत नाही.
कागदगिरणीत मी एकतीस वर्षं
रिळांवरच्या सुरकुत्या शोधल्या.
गिरणी बंद झाली, बोटांची सवय उरली.
मग ज्या गावात कागदच नाही
त्या गावाचं वर्तमानपत्र काढायला घेतलं.

दर रविवारी चार पानं.
तांब्याचा भाव. कुठल्या खिंडीत लुटारू बसलेत.
कोणाचं खेचर हरवलं, कोणाचं कोणाशी लग्न लागलं
आणि आहेरात खोटं रत्न कोणी दिलं.
वार्ताहर अकरा, पगार कोणालाच नाही.
नियम एक: दोन साक्षीदार असल्याशिवाय
कोणाला चोर म्हणायचं नाही.
नियम दोन: मथळ्यात उद्गारचिन्ह नको.
वेळेबद्दल नियम नव्हता.
घड्याळ सगळ्यांकडे असतं, असं वाटलं होतं.

तर त्या दिवशी असं झालं.
तेमूलेनचे नऊ आधी वाजले, उलानबातरला.
वय चौदा. बुरुजावर चढला, मशाल लावली,
वाट पाहिली. साडेनऊला त्याच्या आईने
वायफाय बंद केलं.
मग शत्रू आला.
तो आमचं वर्तमानपत्र वाचत नाही,
म्हणून वेळेवर आला.

माझे नऊ वाजले तेव्हा बुरुजाच्या जागी धूर,
आणि मी माशांची टोपली घेऊन उभी.
आमचे सात जण. कोणी काही बोललं नाही.
आणखी पाच तासांनी
ब्राझीलमधल्या बेलेंहून जांदीरा आली,
चाळीस स्वार, ढोल, निशाणं,
कवायत अशी चोख
की राखसुद्धा सावधान उभी राहावी.
तिने मला जे लिहिलं ते छापण्यासारखं नाही.
मी दोनदा वाचलं.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दोन दिवस बाजारात तेच:
पोराने दरवाजा उघडून दिला,
पोराने पैसे खाल्ले,
नाहीतर एकटा बुरुजावर करत काय होता?
साक्षीदार किती, मी विचारलं.
एकही नाही.
म्हणजे त्याच्या बाजूनेही नाही.
त्यालाच लिहिलं, काय झालं ते सांग,
जमेल तेवढं.
त्याने पाठवलं:

‘मी नऊला होतो. बाकी कोणी नव्हतं.
बर्फ पडत होता. वरून छान दिसत होतं.’

एकतीस वर्षांत
इतका बिनसुरकुतीचा कागद हाताखालून गेला नव्हता.
तसाच छापला आहे, वर, मथळ्याशिवाय.
त्याच्याखाली मी.

यापुढे वेळ खेळातल्या सूर्यावर मोजली जाईल.
तो दर चार तासांनी उगवतो, सगळ्यांना एकदमच,
केमीतही, डिसेंबरातही.
रविवारचा अंक निघाला की पहिला सूर्य;
मग ‘सातव्या सूर्याला जमा’, असं लिहू.
जांदीरा म्हणते, हे पोरकट आहे.
तिचं म्हणणं पान तीनवर, न कापता.

बुरुजासाठी दगड हवेत, फुकट असले तर बरं.
तांबं दोन नाण्यांनी उतरलं.
खेचर सापडलं, मालकाला ओळखत नाही.
सूर्य मोजायचं काम तेमूलेनकडे दिलं आहे.
त्याची आई म्हणते, चालेल, पण नऊपर्यंतच.
कुठले नऊ, ते विचारून घेतलं आहे.