नांगर

आमच्या शिडाला अजून मांडवाचा वास येतो.
शाहूपुरीतल्या धनपाल शिंप्यानं ते शिवलं,
"वहिनी, एवढा पडदा कुठल्या हॉलचा?" विचारत
दुहेरी टीप घालत.
तळाचं वजन बिडाचं,
उद्यमनगरात ज्या भट्टीत ह्यांनी तीस वर्षं
ऑइल इंजिनाची चाकं ओतली, तिथलंच.
नाव काळ्या रंगात, ह्यांच्याच हातचं: रांगडी.
ड वर टिंब पडलंय, पुसून जात नाही.

राधानगरीच्या फुगवट्यावर दोन हिवाळे शिकलो.
मग गगनबावड्याच्या घाटात
उसाच्या ट्रॉल्यांमागून आमची होडी निघाली.
एकानं गाडी आडवी घालून विचारलं,
"कुठल्या मंडळाचा देखावा?"
हे म्हणाले, "आमच्या दोघांचंच मंडळ हाय."

विजयदुर्ग ते तेरेखोल. नऊ दिवस.
बावीस फूट लांबी, आणि रुसून जायला
दुसरी खोली नाही.
देवगडला एका कोळणीनं ताजा बांगडा पुढे केला,
आम्ही जैन आहोत म्हटल्यावर
हसून आमसुलं दिली ओंजळभर,
म्हणाली, मग येता कशाला गो समुद्रावर?
उत्तर अजून सापडलं नाही.
सूर्य बुडायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम.
पण घरी सूर्य इमारतीमागं जातो,
पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालून जातात.
तिथं तो समोर बुडतो, पुरता, साक्षीनं.
भाकरीचा शेवटचा घास आम्ही घाईनं गिळत असू.

माझ्या माहेरी नांगर जमीन फोडायचा.
इथं तो जमिनीला धरून बसतो.
शब्द तोच, आणि वडिलांना हे सांगायला
ते राहिले नाहीत.

सहाव्या दिवशी, निवतीच्या खडकांच्या बाहेर,
मतलई वारा फिरला.
शीड फाटायच्या आवाजानं फडफडलं,
सुकाणू माझ्या हातात,
हे पुढे, दोर धरून, पाठमोरे.
"अहो" वाऱ्यानं नेलं.
पुन्हा "अहो". तेही नेलं.
मग मी ओरडले,
"बाळगोंडा! सोड दोर!"

एकतीस वर्षांत ते नाव मी
फक्त उखाण्यात घेतलं होतं,
तेही बायका मागं लागल्या तेव्हा, लाजून.
त्यांनी मागं वळून पाहिलं.
दोर सोडायच्या आधी पाहिलं,
म्हणून अंगठ्याची कातडी सोलली.
होडी सरळ झाली.
रात्री मी हळद लावत होते,
आम्ही दोघंही त्या नावाबद्दल काही बोललो नाही.
नांगर घट्ट होता का, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

आता रांगडी परत शेडमध्ये, लाकडी ठोकळ्यांवर.
शेजारचे येतात, बिडावर टिचकी मारतात,
"खर्च किती?" विचारतात. त्यापुढं कुणी जात नाही.
मी त्यांना चहा देते.
"अहो, साखर संपलीय", "अहो, बिल आलंय",
दिवसभर सगळं मागच्यासारखं.

पंचगंगेवरून रात्री थोडा वारा येतो,
आमच्या खिडकीचा पडदा हलतो
(धनपालनं उरलेल्या कापडाचाच शिवलाय).
परवा मध्यरात्री हे अचानक उठून बसले,
समुद्रापासून एवढ्या उंचीवर,
फरशीवर पाय टेकून,
अंधारात घाबरल्यासारखे:
"नांगर धरलाय का?"

मी कूस बदलली नाही.
"धरलाय," मी म्हणाले.
"झोप."