पळायलो की सुटत नाही

रात्रपाळीत दोन ट्रकांच्या मधे
पंधरा मिनिटं मिळतात, कधी वीस.
भंगाराची गाडी काट्यावर चढते,
लाल आकडे थरथरतात, बसतात,
मी पावती फाडतो,
गाडी भट्टीकडं निघून जाते
आणि मी केबिनची कडी लावून
लढाईवर जातो.

लॅपटॉप कंपनीचा. माझ्याआधी तिघांनी वापरलेला.
माउस लावावा तर जागा दोनच,
एकीत काट्याची वायर, दुसरीत हिशोबाची किल्ली.
राहिली ही बोट फिरवायची पाटी
आणि पाटीखालची दोन बटणं:
डावं गोळीचं, उजवं नेम धरायचं.

दुखणं असं:
उभा राहिलो की गोळी सुटते.
पळायलो की सुटत नाही.
आता मोकळं रान, समोर चौघं बंदुका रोखून,
कोण उभं राहतं, सांगा.
महिनाभर मी रोज रात्री
थांबायला लागतं म्हणून मेलो.

जालन्यात शोएबच्या दुकानी नेला.
त्यानं नाव-गाव नाही, पत्ता विचारला.
"एमआयडीसीतला ना? मग पोटात लोखंड असणार."
सात स्क्रू चहाच्या बशीत काढले,
चुंबक फिरवला,
चुंबकाला काळी दाढी फुटली.
"बघ, अजून थोडं निघालं तर सळई होईल."
रबरी टिकली बदलली, पट्टी काढून परत बसवली,
दोनशे घेतले.
बटणं आता हरभऱ्याचे घाटे फुटल्यागत वाजायलेत.
केबिनीत आलो. पळालो. दाबलं.
मेलो.

पहाटे तीनला गाडी नव्हती.
कोरं पान उघडलं
आणि ज्या अक्षरानं पळतो ते दाबून धरलं.
अक्षर धावत सुटलं,
एकच अक्षर, ओळीमागून ओळ, पानं भरायलं.
दुसऱ्या हातानं पाटीवर बोट फिरवलं
तर बाण जागचा हलंना.
अक्षर सोडलं. जरा थांबलो.
हलला.

हात्तिच्या.

सेटिंगात शिरलो, एका घरातून दुसऱ्या घरात,
आणि पार तळाशी सापडली बरोबरची खूण:
टाइप चालू असताना तळव्याचा स्पर्श धरू नये.
कुणीतरी कुठंतरी बसून
माझ्या तळव्याचा एवढा विचार करून ठेवलेला.
मी पळत होतो, गोळ्या खात होतो,
आणि हे बिचारं समजत होतं,
गडी लिहायलाय,
त्याला मधेच डिवचू नका.

दहावीनंतर मला कुणी लिहिणारा समजलं नव्हतं.

खूण काढली. पळालो. दाबलं.
सुटली.
परत दाबलं. परत सुटली.
पळत पळत मी मैदान ओलांडून पार विहिरीपर्यंत गेलो,
तेवढ्यात बाहेर हॉर्न.

परतूरची गाडी. खिडकीशी गुलाबखाँ.
घाईघाईनं आकडे टाकायला बसलो
अन् तळवा लागून बाण उडाला,
गाडीचं वजन नावाच्या चौकटीत जाऊन बसलं.
पावती छापून आली:
चालक, अठ्ठावीस हजार चारशे चाळीस किलो.
गुलाबखाँनं ती ट्यूबखाली धरली,
दोनदा वाचली,
पोटावरून हात फिरवला.
"एवढा नै हो साहेब. रोजे चालू हैत."

आता गाडी आली की खूण लावतो,
गेली की काढतो.
रात्रीतून वीस-बावीसदा.
दोन्ही बटणं एकदम दाबली
तर अजून एकच ऐकतं.
पळता येतं, मारता येतं,
नेम धरून मारता येत नाही.
शोएब म्हणतो, ते घडणीतच तसं हाय, नाद सोड.
बरं.
काल बिगर नेमाचे
दोघं पाडले.