शनिवारची क्लच वायर

माझ्या रिक्षात मागे सात पोरं,
आणि पुढे माझ्या सीटच्या कडेला आठवा ओवेस,
कारण मागे त्याला कुणी सरकून जागा देत नाही.
पवननगर ते पाथर्डी, रोजची खेप.
कुणी पेंगतं, कुणी गेमची लेव्हल सांगतं,
पाय सगळ्यांचे दप्तरांखाली दाबलेले.

डिसेंबरातला शनिवार, पी.टी.चे पांढरे कपडे.
थंडी अशी, की हँडलवरची बोटं
माझीच का दुसऱ्या कुणाची, कळेना.
फाट्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला
टुक् झालं.
क्लचची वायर.

गॅरेजवाला म्हणाला, अंघोळ करतोय.
(अंघोळीत फोन कसा उचलला, ते मी विचारलं नाही.)

शाल्मली म्हणाली, "काका, शाळा दिसते का इथून?"
शाळा नव्हती दिसत. पाण्याची टाकी दिसत होती.
"मग टाकीपर्यंत पळू?"

खरं सांगतो, मी नाहीच म्हणणार होतो.
पोरांचे पाय जमिनीला लागू नयेत
याचेच तर पैसे घेतो मी महिन्याला.
पण अहिऱ्यांची जुळी तोवर खाली उतरून
एकमेकांच्या बुटाच्या नाड्या बांधत होती,
आणि तन्वेशनं दप्तर माझ्या सीटवर फेकलं होतं,
परत न घेण्यासारखं.

निघाली.
तोंडातून वाफा, जशी सात छोटी इंजिनं.
कॅनव्हासचे बूट फटाफट.
एक कुत्रं उगाच सामील झालं,
त्याला शाळाबिळा काही नव्हती.
कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं
मफलर खाली करून हसली.
"पळा भो, पळा!"

मागे राहिलो आम्ही दोघं, ओवेस आणि मी.
त्याचं पोट आणि माझं पोट
आमच्या अर्धा पाऊल पुढे.
"काका, कुशीत दुखतंय."
"मला पण."
"थांबू या?"
"त्या खांबापाशी."
खांब आला.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
खांब गेला.

गेटवर प्रार्थना सुरू झाली होती.
ओवेस लालबुंद, छातीवर हात ठेवून उभा.
"काका, आत कुणीतरी दार वाजवतंय."
म्हटलं, "मग उघड की."

सोमवारी नवी वायर.
आठ जण एका आवाजात: "आज तुटणार का?"
मंगळवारी तेच. बुधवारी तेच.
शेवटी मी शब्द दिला,
दर शनिवारी, त्याच जागी, ती तुटेल.

पगारबाईंचा फोन आला,
"तुमची रिक्षा शनिवारचीच कशी हो बिघडते?"
मी गप्प.
त्याही जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "तन्वेश दुपारी दोन भाकरी खातो शनिवारी.
राहू द्या बिघडलेली."

वर्ष संपायच्या आधीचा शनिवार.
आयांना विचारून शाळा सुटल्यावर पांडवलेणीला गेलो.
पायऱ्या मोजायच्या ठरल्या.
जुळ्यांचे आकडे वेगळे निघाले, भांडण झालं.
शाल्मली मधेच एका माकडाशी बोलत बसली
आणि पहिल्यापासून मोजायला खाली उतरली.
ओवेसला विचारलं, तुझ्या किती?
"मी नाही मोजल्या. मोजल्या की दमायला होतं."

वर वारा होता. घाम गार पडला.
लेण्यापुढच्या कठड्याला टेकून सगळी पोरं
खाली पसरलेलं नाशिक बघत होती,
आपापलं घर शोधत, चुकीचं सांगत.
ओवेसनं मात्र पायथ्याशी बोट दाखवलं,
झाडाखाली काळंपिवळं काहीतरी, काड्यापेटीएवढं.

"काका, ती आपली रिक्षा?"
"हो."
तो बराच वेळ बघत राहिला.
"आपण एवढे सगळे
तिच्यात मावतो तरी कसे?"