जवळचा

सावकारानं बाबांच्या मागाला साखळी घातली
तो मे महिना होता. साखर पेठेत
फरशी पायाला भाजायची, आणि आई
दिवसाला हजार विड्या वळून
नुसत्या व्याजाचंच तोंड भरत होती.

सगळ्यात जवळचे एलीया काका. सख्खे.
आले, धोटा हातात घेऊन तोलला,
माग घेतो मी सोडवून, म्हणाले, चांगला आहे.
मागाबरोबर आम्हीही आहोत, भावजी, आई म्हणाली,
मी, तीन पोरं, अन् किराणावाल्याची वही.
काका उठले.
माझंच मोडेल मग, वहिनी.
घाईत चपलेचा अंगठा तुटला.
ती एक चप्पल आमच्या उंबऱ्यातच राहिली.

तीमथ्य आमचा कोण, हे मला धड सांगताही यायचं नाही.
बाबांच्या आजोबांच्या भावाचा नातू.
कुर्डुवाडीला रेल्वेत फिटर,
लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारा.
दुपारच्या पॅसेंजरनं आला,
पाणीही न पिता विचारलं, किती?

सावकार चष्म्यावरून म्हणाला, तुम्ही यांचे कोण?
ज्याला देणं लागतं, तो.

साखळी निघाली. चिठ्ठी फाटली.
चिठ्ठीवर सही केली त्या मनगटावर
घड्याळाच्या जागी
कातडीचा पांढरा पट्टा होता.

पाळक एका रविवारी सांगत होते,
देवानं आधी नातं लावून घेतलं,
आई, भूक, घाम, सगळं,
आणि मग फेडलं.
मला ते मागावर बसल्यावर कळलं.
आमच्यात गहाण सोडवतात
आणि सुताचा गुंताही सोडवतात.
लांब उभं राहून गुंता सुटत नाही,
ओढला तर आवळतो, कापला तर सूत जातं.
त्यात बोटं घालावी लागतात,
कधी कधी ती कापतातही.

नाताळच्या आदल्या दिवशी आईनं
ती चप्पल चांभाराकडून शिवून आणली,
करंज्यांच्या डब्यावर ठेवली
आणि मला काकांकडे पाठवलं.

काका दारात उभे. काही बोलले नाहीत.
आत गेले, पलंगाखाली वाकले,
बराच वेळ.

दुसरी चप्पल त्यांनी टाकली नव्हती.